बॅटरीखोली, तिची किल्ली आणि एक पांढरा कॅन

मी, कडूबा किसन फदाट, वय ६७, धंदा बॅटरी-मिस्तरी, राहणार टेकाडवस्ती, तालुका जाफराबाद, जिल्हा जालना, कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर आहे. माझी पत्नी द्वारकाबाई याबाबत वेगळं सांगेल, ते मनावर घेऊ नये.

१. राहतं घर आणि दोन एकर कोरडवाहू जमीन द्वारकाबाईला. आम्हाला मूलबाळ नाही.

२. घरामागची बॅटरीखोली, तिची किल्ली, छतावरच्या सोलर प्लेटा, इन्व्हर्टर, आठ बॅटऱ्या आणि अकरा घरांना गेलेल्या तारा माझी पुतणी, म्हणजे धाकटा भाऊ भागवत याची मुलगी शीतल हिला. वस्तीवर सरकारी लाईन आहे, पण ती आपल्या मर्जीने येते-जाते. ती गेली की अकरा घरांचे दिवे-पंखे या खोलीवर चालतात. शीतलने आयटीआय केलं आहे, हातही सफाईदार आहे. या अकरांतल्याच कल्याण मास्तरांनी फ्रीज जोडून मागितला तर बिलकुल जोडू नये. मला तीनदा विचारून झालं आहे.

बॅटरीत डिस्टिल्ड पाणीच घालावं, आणि कॅनवर काय लिहिलंय यावर विसंबू नये. माझ्या कॅनवर तर मुळीच नाही.

३. बारा वर्षांपूर्वी, दुष्काळात, मी ऑपरेशनसाठी दीड महिना जालन्याला होतो. खोली भागवतने सांभाळली. परत आलो तर एकही बॅटरी चार्ज धरेना. आत बोरचं क्षाराचं पाणी पडलं होतं. मी सगळ्या वस्तीसमोर त्याला बोललो, "तुला अक्कल न्हाई. पुन्हा या खोलीत पाय ठिवू नको."

तो एवढंच म्हणाला, "दादा, म्या तुझ्याच कॅनमधलं घातलं." त्याच संध्याकाळी मी त्याच्या घराची तार कापली. ते बारावं घर.

तो खरं बोलत होता. रिकामा कॅन आमच्याकडे कोणी फेकत नाही. दवाखान्यात प्यायला म्हणून निघायच्या घाईत मीच डिस्टिल्ड पाण्याच्या दोन रिकाम्या पांढऱ्या कॅनमध्ये बोरचं पाणी भरलं. एक गाडीत गेला, दुसरा खोलीतच राहिला. तार कापल्यावर आठवड्याने मला हे आठवलं. मिस्तरी म्हणून इज्जत जाईल या भीतीने मी गप्प बसलो. घरची तार कापलेली असूनही शीतल माझ्याकडे काम शिकायला येत राहिली, आणि लाईन गेली की घरी मेणबत्तीजवळ अभ्यास करायची. ते मला माझ्या छतावरून दिसायचं. मला त्याची लाज वाटते.

४. ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये, असं वकील काकासाहेब सांगतात. म्हणून भागवतच्या नावाने मी काहीच ठेवलेलं नाही. दुसऱ्या साक्षीदाराची जागा त्याची आहे. त्याची सही होईपर्यंत हा कागद कच्चा. म्हणजे तो घेऊन मला जिवंतपणीच त्याच्या दारात जावं लागेल. नाहीतर मी टाळलं असतं.

ठिकाण : टेकाडवस्ती
दिनांक : १४ नोव्हेंबर २०२५

लिहून देणार : कडूबा किसन फदाट (सही)

साक्षीदार १ : ॲड. काकासाहेब अंभोरे (सही)

साक्षीदार २ : भागवत किसन फदाट (सही)
समदं वाचलं. कॅनच्या तळाला आपल्या बोरचा चुना म्या तू तार कापली तवाच पाह्यला व्हता. तू आजारी व्हता, म्हणून बोललो न्हाई. आता तार जोडायला शीतलला धाडू नको. तूच ये.