पाचवा रकाना : गोळी नको

७ ऑगस्ट
अरेरा कॉलनीतल्या डॉक्टरबाईंनी वही ठेवायला सांगितली. पीएमएस आहे की आणखी काही, ते कळायला दोन महिने रोज संध्याकाळी दहापैकी आकडे लिहायचे: राग, रडू, झोप, सूज. पाळीच्या आधी चढतं आणि नंतर उतरतं ते त्या दिवसांचं. उतरत नाही ते तुमचं स्वतःचं, म्हणाल्या. पाळी पुढे ढकलायची गोळी तोवर बंद. म्हणजे महालक्ष्म्यांनाही. यंदा तारीख बरोब्बर तेव्हाच येतेय. बाईंचं काय जातं सांगायला.
राग ६.

९ ऑगस्ट
नवऱ्याने, अवीने, माझ्या तारखा स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर उतरवल्या. लाल स्केचपेनने. "तुला सपोर्ट म्हणून." आता कामवालीपासून गॅसवाल्यापर्यंत सगळ्यांना माझी पाळी ठाऊक. अठरा वर्षांच्या नोकरीत या इंजिनिअरने वेळेवर पुरा केलेला हा बहुधा पहिलाच तक्ता.
राग ८. सूज ७, अंगठी निघत नाही.

११ ऑगस्ट
जेवताना सांगून टाकलं, यंदा गोळी घेणार नाही. गेल्या वर्षी घेतली तर हे चिडचिडीचे दिवस दहा दिवस लांबले. विसर्जनानंतर बाथरूममध्ये नळ सोडून रडत बसले होते, त्याला माहीत आहे. अवीने मान वळवून कॅलेंडर पाहिलं. मग आवाज खाली आणून, "चार दिवसांनी बोलू." मी वरणाची वाटी सिंकमध्ये आपटली. काचेची होती, फुटली. झालं, त्याचंच खरं ठरलं.
वहीत पाचवा रकाना आखला. गोळी नको: १०.

१४ ऑगस्ट
आली. दुपारपर्यंत डोकं रिकामं. परवा ऑफिसात फाइलवरून शुक्लाजींना नाही नाही ते बोलले होते, ते आठवून लाज वाटली. माफी मागितली. "अरे मैडम, हमारे घर में भी यही हाल है," म्हणाले आणि समजूतदारपणे हसले. माफी परत घ्यावीशी वाटली.
राग २. गोळी नको १०.

२२ ऑगस्ट
झोप छान. चहा दोन कपांवर आणलाय, संध्याकाळी कॉलनीत चार फेऱ्या. अगदी शहाण्यासारखं.
आजचा दिवस मुद्दाम निवडला. अवीला चहा दिला, समोर बसले, शांतपणे सांगितलं: गोळी घेणार नाही, आईंना तू कळव. त्याने कॅलेंडर पाहिलं. लाल काही नाही. पुन्हा पाहिलं.
"मग आता काय झालं?"
कीव आली. राग १. गोळी नको १०.

१ सप्टेंबर
आई, म्हणजे सासूबाई, नागपूरहून आल्या. बॅगेतून आधी गोळ्या निघाल्या, मग साडी. "इथं भेटतात न भेटतात." भोपाळात औषधाची दुकानं नाहीत ही त्यांची पक्की समजूत. अवी आतल्या खोलीत मोबाइलमध्ये तोंड घालून. कळवलं नव्हतं, अर्थात.
मीच सांगितलं.
"मग स्वैपाक कोण करन?" सोळा भाज्या, पुरण, आंबील, सगळं सोवळ्यात.
मी म्हटलं, अवी करेल. दोघींनी एकदमच नकारार्थी मान हलवली. एवढ्या बाबतीत आमचं एकमत.

६ सप्टेंबर
ते चिडचिडीचे दिवस सुरू झाले. बिट्टन मार्केटच्या भाजीच्या हाटात दोडक्यांवरून भांडले. दोडक्यांवरून. राग ९, रडू ८.
घरी आल्यावर वाटलं, घेऊन टाकावी एकदाची. सगळे गप्प बसतील, मीही. पाचव्या रकान्यात ६ लिहिलं. खोडलं नाही.
वही मागे चाळली. म्हणजे या दिवसांत माझा हट्ट वाढत नाही, उलट मी नमते. सगळ्या घराने इतकी वर्षं उलटंच धरलंय, मीसुद्धा. आम्ही सगळेच अक्कलशून्य.

८ सप्टेंबर
आजपासून घ्यायची, म्हणून आईंनी सकाळी चहाच्या बशीत गोळी ठेवली. अवी केळीचे खांब आणायला गेलेला. मी हात लावला नाही. भांडायच्या तयारीने बसले.
आई समोर कोथिंबीर निवडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "एका साली मी गोळी विसरली होती. पुरण वाटतानाच आली. कोणालेच नाही सांगितलं. तसाच नैवेद्य वाढला."
"मग?"
"काही नाही. पुरण लय चांगलं झालं म्हणे सगळे." पुढची काडी उचलत, "बत्तीस वर्षं झाली. दरसाल हात जोडताना तेच आठवते."
मी विचारलं, मग मला का देता?
"तुले लपवा लागू नये म्हणून."
या बाईला मी सोळा वर्षं मूर्ख समजत आले. गोळी बशीतच आहे. मी उचलली नाही, त्यांनीही नाही. रागाचा आकडा काय लिहू कळत नाहीये.
परवा महालक्ष्म्या बसणार. अवी खालून हाका मारतोय, खांब लिफ्टमध्ये मावत नाहीत म्हणे.