चूल का रस्ता

आई, काल माझी पीएच.डी.ची शेवटची तोंडी परीक्षा झाली. गाड्यांच्या धुरानं शहराच्या हवेचं काय होतं, हा माझा विषय. सोलापूरच्या चौकाचौकांत यंत्रं ठेवायची, ती हवा ओढून घेतात, आतला पांढरा कागद काळा होतो. ते कागद तपासण्यात इतकी वर्षं गेली. परीक्षकांनी अभिनंदन केलं, सरांनी पेढे वाटले. मला काहीच वाटलं नाही. पेढा हातात तसाच राहिला आणि बोटं तुपकट झाली, एवढंच आठवतं.

शहराबाहेरचा हमरस्ता म्हणून मी नळदुर्गचा आपला ढाबाही अभ्यासात घेतला होता. खरं कारण सरांना सांगितलं नव्हतं. मला अजून तेच दिसतं: तू चुलीपुढं बसली आहेस, रस्त्याकडं पाठ करून. समोरून लाकडाचा धूर, मागून हैदराबादकडं जाणाऱ्या ट्रकांचा. चूल पोतेऱ्यानं सारवून, हळद-कुंकू वाहून, उदबत्ती लावल्याशिवाय तू काडी ओढत नाहीस. गणवेशाला वास लागतो म्हणून मी कुरकुरते. ‘‘नाक मुरडू नगं,’’ तू म्हणतेस, ‘‘ह्या धुरावरच शिकायलीस तू.’’ आणि पदर तोंडाला लावून खोकतेस. तो खोकला आम्हाला भाकरी थापल्याच्या आवाजासारखा झाला होता, रोजचाच.

तू गेलीस तेव्हा मी बारावीला होते. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, विडी ओढत होत्या का, तर अण्णा त्यांच्या अंगावर धावून गेले. मावशी मात्र तेराव्याला सगळ्यांदेखत म्हणाली, ‘‘चुलीनं खाल्लं माझ्या बहिणीला. दाजींना पाटी पायजे होती.’’ ‘चुलीवरची भाकरी मिळेल’ ही पाटी अण्णांनीच रंगवून घेतलेली. गॅसचं नाव काढलं की गिऱ्हाईक तुटंल म्हणायचे. पाटी अजून तशीच आहे, आणि तुझ्या जागेवर, चुलीपुढं, आता ते स्वतः बसतात. भाकरी थापायला शिकलेत. गॅस घ्या म्हणून मी सांगून थकले.

मागच्या उन्हाळ्यात ढाब्याच्या गच्चीवर यंत्र बसवलं आणि अण्णांना बजावलं, ह्याला हात लावायचा नाही. त्यांनी हात लावला नाही. पुढच्या खेपेला मी कागद बदलायला गेले, तर यंत्रापुढं हळद-कुंकू, आणि हवा जिथून आत जाते नेमकी तिथं उदबत्तीची राख. ‘‘तुझ्या आईचं काम करायलंय ते,’’ अण्णा म्हणाले, ‘‘तसंच कसं ठिवावं?’’ मला ना हसू आलं, ना राग. सरांनी कागद पाहिले आणि म्हणाले, ‘‘ट्रक, चूल, उदबत्ती, सगळंच मिसळलंय. आपला विषय गाड्यांचा. हे ठिकाण काढून टाका.’’ मी काढून टाकलं. प्रबंधात आता नळदुर्ग कुठंच नाही.

काल परीक्षा झाल्यावर अण्णांना फोन केला. पास झाले म्हटलं. ‘‘झ्याक झालं,’’ म्हणाले. मग विचारलं, ‘‘ते गच्चीवरचं यंत्र. काय दिसलं त्याला? चूल का रस्ता?’’

त्यांनी हे मला पहिल्यांदाच विचारलं. हसत-खेळत विचारल्यासारखं करत होते, पण आवाज जमत नव्हता.

‘‘रस्ता,’’ मी म्हणाले.

‘‘व्हय?’’

‘‘व्हय, अण्णा. रस्ताच.’’

पलीकडं एक ट्रक गेला. ‘‘मावशीला सांगशील एकदा,’’ ते म्हणाले. मग आवाज मोकळा झाला. ‘‘मग गॅसचं काय ते राहू दे आता. चुलीचा काय गुन्हा न्हाय.’’ गिऱ्हाईक आलं असावं. फोन तसाच खाली ठेवून ते चूल फुंकायला लागले. फुंकणीचा आवाज आला, आणि मागोमाग खोकला.

खरं उत्तर मला ठाऊक नाही, आई. हे पत्र पोचणार नाही, म्हणून तुला तरी सांगता आलं.