जोडचाकांची लिंबं

॥ श्री चामुंडामाता प्रसन्न ॥
देवास, भाद्रपद वद्य पंचमी, १९५५

प्रिय दुर्गा,

तुला आणि मुलांना आशीर्वाद. टेकडीवरच्या मातेच्या कृपेने आम्ही खुशाल आहोत. तुझ्या माहेरी राजगढला तूरडाळ इथल्यापेक्षा स्वस्त मिळते असं ऐकते. खरं असेल तर कळव, म्हणजे इथल्या बनियाशी भांडायला मला बळ येईल.

आमची नवी डिझेल ट्रकगाडी मजेत आहे. घरात आता तीच धाकटी सून, तिचंच कौतुक. गाडीची कामं हे एकटेच करतात. दुसरा क्लीनर ठेवा म्हटलं तर ऐकत नाहीत. दर रविवारी सकाळी पूजा आटोपली की जुना सदरा घालून कडुलिंबाच्या झाडाखाली बॉनेट उघडून बसतात. तेल बदलायचं, जाळी रॉकेलने धुवायची, पट्टा ताणून बघायचा. पुसायला माझं जुनं लुगडं दिलं, तर म्हणाले याचे धागे सुटतात, इंजिनात जातील. शेवटी माझ्या बाग गावच्या छापाच्या चादरीवर डोळा गेला. ती मी देवघरात नेऊन ठेवली, तिथे हात लावायची यांची छाती नाही.

आषाढात एकदा बागलीच्या रस्त्यावर डिझेल संपलं आणि नळ्यांत हवा शिरली. दुसऱ्याच्या ट्रकने ओढून गाडी घरी आणली. ही हवा काढायची म्हणजे नळ्यांचे नट सैल करायचे, मग एकाने वर बसून सेल्फचं बटण दाबायचं आणि दुसऱ्याने खाली वाकून बुडबुडे थांबतात का ते बघायचं. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. हे इंजिनावर वाकले, पाना हातात, आणि सवयीने ओरडले, "दाब रे तुका!" जणू आमचे भावजी, तुझे धनी, वर सीटवरच बसलेत.

आणि थांबून राहिले. दुर्गा, मला वाटलं वर बघतील, हसतील. पण नाही. मग हात पुसून स्वतःच वर चढले, सेल्फ दाबला, खाली उतरून बघितलं, पुन्हा चढले. मी जाऊन दाबते म्हटलं, तर म्हणाले तू तुझी पोळी बघ, जळतेय. खरंच जळत होती.

पुढच्या खेपेला यांनी युक्ती काढली. माझा कुंकवाचा आरसा न विचारता उचलला आणि झाडाच्या फांदीला सुतळीने असा टांगला की सीटवर बसून इंजिनातले बुडबुडे दिसावेत. मी कपाळ कोरं घेऊन शोधत फिरतेय आणि आरशात डिझेल! पण जमलं हो. इंजिन एका दमात लागलं. शेजारचे उमाशंकरजी म्हणाले, क्या बात है भिया, अकेले ही कर लिया. मीही शाबासकी दिली. तर हे आरसा पुसत मला म्हणतात, "हे तुकानं बघायला हवं होतं."

मी काय झाडाखालचा दगड आहे का, असं विचारलं मी. पण मनातून समजले.

अक्षय्यतृतीयेला गाडी दारात आली तो दिवस तुलाही आठवत असेल. चाकांखाली ठेवायला तुकारामभावजी पिशवीभर लिंबं घेऊन आले. एवढी कशाला म्हणून मी कुरकुरले, तर म्हणाले, वहिनी, मागची जोडचाकं आहेत, एकालाही उपाशी ठेवायचं नाही. तेवढ्यात यांनी हौसेने बटण दाबलं, गाडी चालू झाली आणि हे सगळ्यांदेखत बोलून गेले की आता हँडलवाल्याला पेन्शन. लोक हसले. भावजी पण हसले, पिशवी पायरीवर ठेवली आणि घरी गेले. दुसऱ्या दिवशी तुम्हा सगळ्यांना घेऊन राजगढची बस धरली. दरबारच्या मोटारखान्यापासून भावजींनी हँडल मारून गाडी चालू करायची आणि यांनी स्टेअरिंग धरायचं, अशी या दोघांची जोडी. असं बोलायला नको होतं हे यांना त्याच रात्री कळलं. पण दोघंही सारखेच हट्टी, कोण कुणाला निरोप पाठवणार?

लिंबं तशीच राहिली. यांनी दुसऱ्या कुणाला चाकाखाली ठेवू दिली नाहीत, आणि ड्रायव्हरने आपली आपण ठेवायची रीत नाही. म्हणजे एवढी मोठी गाडी अजून बिनलिंबाची फिरतेय. ती घाटात गेली की मी इथे मातेपुढे दिवा लावून बसते. लिंबं वाया कशी घालवायची, म्हणून मी त्यांचं लोणचं घातलं. आता छान मुरलंय. पण बरणीला हात लावला की हे ताटावरून म्हणतात, "राहू दे. तुकाची आहेत ती."

तर हे पत्र त्यासाठी. मी लिहितेय हे यांना ठाऊक नाही. गाडीला आता हँडल मारणारा नको, सगळं एकट्याने होतं, ते मी डोळ्यांनी पाहिलं. पण डाव्या बाजूची सीट हे रोज पुसतात आणि तिथे कुणाला बसू देत नाहीत. जुन्या गाडीचं हँडलही काढून ठेवलंय, खंडेनवमीला पूजेत मांडायचं म्हणून. भावजींना एवढंच सांग की नवमीला ताजी लिंबं घेऊन या, जोडचाकं उपाशी आहेत. बरणी त्या दिवशी उघडेन.

तुझीच,
सुभद्रावहिनी