शनवार तेली आणि कैरोकर

२ मार्च, रविवार
इथल्या इंग्लिश सिनेगॉगचा वाचनगट. सध्या एकच विषय: बाराव्या शतकातला ज्यू तत्त्वज्ञ, कैरोत वैद्यकी करायचा. आठशे वर्षं झाली, अजून त्याचा शब्द प्रमाण. आज हॅरिएटनं (गट तीच चालवते) त्यानं आमच्याबद्दल लिहिलेलं काढलं. हिंदुस्थानातल्या ज्यूंना शनिवारचा शब्बाथ आणि सुंता सोडून धर्मातलं काही ठाऊक नाही, असं. गटात तिकडची मी एकटीच, सगळे माझ्याकडे बघायला लागले. 'नो ऑफेन्स, रूथ.' छे, छे, म्हटलं. कार पार्कमध्ये येऊन बसले आणि मग राग आला.

३ मार्च
घरी आईला सांगितलं. ती रेवदंड्याची. आमच्यात आडनावं गावावरून, म्हणून त्यालाही ती कैरोकर म्हणते.
"कैरोकर कधी आला होता कोकणात?"
नाही. ऐकीव.
"त्याचा भाऊ बुडाला ना इकडं येताना?"
हो, व्यापाराला निघाला होता. "वाईट झालं. पण चुकलाच तो." मग म्हणाली, शनिवारी आपला तेलाचा घाणा बंद, म्हणून अख्खं गाव आपल्याला शनवार तेली म्हणायचं. "सांगायला रब्बी नाही, पोथी नाही, तरी वार चुकला नाही. याला काही ठाऊक नसणं म्हणतात?"
हेच बोलायचं. २३ला त्याच्यावर जाहीर व्याख्यानं आहेत. हॅरिएटला मेल टाकली.

९ मार्च
हॅरिएटचा फोन. 'इट्स अ सेलिब्रेशन, रूथ.' त्यापेक्षा आईच्या हातचा मलिदा आण, सगळ्यांना आवडतो. मलिदा आणीन. आणि बोलेनही. मग भाषण आधी पाठव म्हणाली. नाही पाठवणार.
लिआ (लेक, लेस्टरला असते): "ममा, तुझा काय चूक आहे? बोल तू." व्याकरण सोडून सगळं बरोबर.

१८ मार्च
कैरोकराचं वाचतेय. जुन्या मोठमोठ्यांना न घाबरता खोडून काढलंय. लोक इतके चिडले की त्याची पुस्तकं जाळली म्हणे. तरी टिकला. माझ्या दहा मिनिटांनी त्याचं काय बिघडणार? त्याला माझी भीती नाही. हॅरिएटला मात्र...

२३ मार्च
मला चहानंतर ठेवलं. म्हणजे लोक निघून जातील. गेले नाहीत. बोलले. शेवटी एक म्हातारे गृहस्थ उठले, याला लेखी पुरावा काय? पहिल्या रांगेतून आई: "काय म्हणतायत?" सांगितलं. "त्यांना विचार, कैरोकराकडं काय होता?" तसंच इंग्रजीत विचारलं. कोणीतरी हसलं. हॅरिएट नाही.

२५ मार्च
हॅरिएटची मेल. कमिटीला माझा 'टोन' आवडला नाही. गटात राहायचं असेल तर उद्या येऊन बोल.
जाणार. माफी मागणार नाही, गटही सोडणार नाही. कैरोकर त्यांचा जेवढा, तेवढाच माझा. त्याच्याशी भांडायचा हक्कही माझाच.
आईला म्हटलं, तू घरीच थांब, बाहेर गारठा आहे. तिनं कपाटातून स्वतःचा कोट काढून दाराशी अडकवून ठेवलाय.