दहा वेढे

गोडदेव, भाईंदर पूर्व
मंगळवार

प्रिय उर्मिला,

पाकिटावर माझं नाव बघून फाडू नकोस. माझा नंबर तू फोनमध्ये बंद करून टाकलायस, दारात आले तर दार लावशील, मग पत्राशिवाय काय करू? चौथी शिकलेली बाई मी, अक्षर कोंबडीच्या पायासारखं आहे. तरी आरोहीकडून वाचून घेऊ नकोस. तुझ्या पोरीला यातलं काही नको, तू स्वतः वाच. आधी कामाचं सांगते. तुझे दादा आता फार दिवस काढायचे नाहीत. फुप्फुसं संपलीत. डॉक्टर म्हणाला, घरी न्या, आवडतं ते खायला घाला. मी म्हटलं, सरळ सांगा ना, किती दिवस? तर तो चष्मा पुसत बसला. आपल्या खोलीतच आहेत, खिडकीजवळच्या खाटेवर. तू एकदा येऊन जा.

तू येणार नाहीस, हेही मला माहितेय. वरसाव्याहून एका बसचं अंतर, पण पाच वर्षं तू या बाजूला फिरकली नाहीस. दर भाऊबीजेला हे सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून पाटावर बसायचे. मी ओरडायचे, उठा, ती काय येत नाही, जेवून घ्या. तर म्हणायचे, बसू दे गं, एरवी कुठं बसायला मिळतं मला! दुपारी दोनपर्यंत बसायचे. गेल्या दिवाळीत आरोहीनं आमच्या मिनलला सांगितलं, आई चंद्राला ओवाळते. भाऊ नसलेल्या बायका ओवाळतात तसं. मिनल मूर्ख, येऊन भडाभडा बोलली. मी तिला गप्प बस म्हणेपर्यंत यांनी ऐकलं होतं. उठले आणि पाट स्वतःच भिंतीला लावला. तुझा राग आला मला तेव्हा. खोटं कशाला सांगू, थोबाडीत मारावीशी वाटली. पण मी कुठल्या तोंडानं मारणार होते?

मी लग्न होऊन आले तेव्हा तू अकरा वर्षांची होतीस. सासू नव्हतीच, तुझ्या वेण्या मी घालायचे आणि केस ओढले म्हणून तू अख्खी चाळ गोळा करायचीस. हे शटरच्या कामावरून दमून यायचे, हाताला ग्रीस, आणि तसेच तुझा अभ्यास घ्यायला बसायचे. तू ब्लाउज शिवायला गाळा घेतलास तेव्हा शटर यांनीच बसवलं. माझ्या बहिणीचं शटर करंगळीनं उघडलं पाहिजे, म्हणाले. आणि उघडायचं की नाही, सांग?

यांची शटरची स्प्रिंग मोजायची रीत तू लहानपणी बघितलीयस. तुटलेली स्प्रिंग असली की टोकाकडून मोजायची नाही. मधले दहा वेढे घट्ट दाबायचे, पहिल्यावर आणि दहाव्यावर खडूची खूण करायची, टेप लावायचा, येईल त्याला दहानं भागायचं. ती तारेची जाडी. हे तीनदा मोजायचे, आणि मोठ्यानं. मी खाली शिडी धरून कंटाळायचे. म्हणायचे, काम करताय की जप? हे वरून म्हणायचे, शटर डोक्यावर असतं बाई, पायाखाली नाही.

पाच वर्षांमागं तुझ्या शटरची स्प्रिंग तुटली आणि दुसऱ्याच दिवशी तू महाडला दिराच्या लग्नाला निघालीस. चावी आमच्याकडे टाकलीस, दादा, मी येईपर्यंत करून ठेव म्हणालीस. यांना मलेरिया झालेला. दोन गोधड्या अंगावर आणि तरी दात वाजतायत. तुला वाटतं, हे तसेच तापात गेले आणि कसंतरी माप घेऊन आले. हॉस्पिटलात तू तेच बोललीस. धड मोजलं नाहीस दादा, माझी दोन बोटं घालवलीस, आता कात्री कशानं धरू? हे खाली मान घालून म्हणाले, हो, चुकलं माझं.

उर्मिला, हे गेलेच नव्हते. मी गेले होते.

इतकी वर्षं शिडी धरली, मला काय येत नाही, असं म्हणून गेले. तुझंच कापायचं टेबल ओढून वर चढले. दुपारचं ऊन, पत्रा तापलेला, घाम डोळ्यांत, घरी हे तापानं फणफणलेले. एकदाच मोजले वेढे. मनातल्या मनात. टेपवर चोपन्न बारीक रेघा आल्या, त्या येऊन यांना सांगितल्या, यांनी झोपूनच दहानं भागून ऑर्डर दिली. नवी स्प्रिंग आली तेव्हा ताप उतरला होता, हे स्वतः बसवायला गेले. हातात घेऊन बोटांनी चाचपली. म्हणाले, तार बारीक लागतेय गं. दहाच मोजलेस ना? आजूबाजूचे दुकानदार बघत होते. मी फाडकन म्हटलं, चौथी शिकलेय, दहापर्यंत येतं मला मोजायला! हे हसले आणि बसवली. शटर जड जातंय म्हणून पीळ जास्त दिला. महिनाभर टिकली. मग तू दुकान बंद करायला हात वर घातलास आणि ती तुटली, पुढचं तुला माहितेय.

हॉस्पिटलातून आलो तसे हे भंगाराच्या गोणीकडे गेले. तुझी जुनी स्प्रिंग त्यातच होती, माझ्या खडूच्या खुणा तशाच. खाली बसून मोजले. तीनदा, मोठ्यानं. नऊ. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ओल्या फडक्यानं खुणा पुसल्या आणि म्हणाले, मी मोजली असं सांगायचं. भावावर रुसलेली बहीण आज ना उद्या येते. वहिनीवर रुसली तर माझ्यामागं तिला माहेर कुठलं? मिनलची शपथ घातली मला.

आज ना उद्या म्हणत पाच वर्षं गेली. आणि मी गप्प बसले. शपथ होती म्हणून नाही गं. गप्प बसायला मला बरं वाटत होतं. तुझे शिव्याशाप यांच्यावर जात होते आणि मी आपली चपात्या लाटत होते.

शपथ मोडून लिहितेय. यांना ठाऊक नाही, कळवूही नकोस. तुझा राग आता माझ्याकडे घे, तो माझाच आहे. तू सकाळी अकराच्या सुमाराला ये. तेव्हा श्वास जरा सुटा असतो, बोलतात. दार नुसतं लोटलेलं असेल. माझं तोंड बघायला लागायचं नाही, तळमजल्यावर हंसाबेनकडे जाऊन बसेन, तू गेलीस की वर येईन. मला बोलायचं ते जाताना जिन्यात बोल, सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं बोल, मी ऐकून घेईन. यांच्यासमोर मात्र नको. तू खाटेशी बसलीस की पहिली गोष्ट हे हीच बोलतील, उर्मे, मी मोजायला चुकलो. म्हणू दे त्यांना. एवढं एकच जपलंय त्यांनी, खोटं पाडू नकोस. हो दादा, झालं ते झालं, असं म्हण आणि हात हातात दे. तोच हात दे.

तू ठेवशील तोवर तुझीच,
दुर्गावहिनी