दारावरची टिकली

आत्या,

गोदामाचं जुनं दार काल उतरवलं. खालची फळी वाळवीनं खाल्ली होती आणि तुमच्या नातवाला शटर हवं होतं. दोन माणसांनी दार उचलून गोठ्याच्या भिंतीला टेकवलं, तशी त्याची आतली बाजू उन्हात आली. चुन्याच्या रेघा पुसट झाल्यात, पण चौकोन मोजता येतात आणि चौकोनांत टिकल्यांच्या डिंकाचे गोल गोल डाग आहेत. सूनबाई म्हणाली, "मम्मी, हे काय? डाळिंबावर रोग पडल्यासारखं दिसतंय." मी म्हटलं, हे आपलं जुनं बुकिंग. तिला आधी खरंच वाटेना. मग तिला सगळं समजावून सांगितलं, तशी ती एकदम खूश झाली. म्हणाली, हे दार आपण नव्या दुकानात दर्शनी भागात लावू, खाली तुमच्याबद्दल दोन ओळी लिहू. आणि विचारलं, "मग दार तुमच्याकडं कधी आलं?" मी म्हटलं, "आत्यांचे डोळे गेले तेव्हा." तिनं लगेच कागदावर लिहून घेतलं: डोळे जाईपर्यंत हे दार आमच्या आजेसासूबाईंनी सांभाळलं. कागद आज माझ्यापुढे आहे. वाचून 'बरोबर आहे' म्हणायचं, एवढंच माझं काम. आणि ते खोटं आहे, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक असणार!

मी लग्न होऊन अणदूरला आले तेव्हा आपल्याकडे बिछायतीचा आणि भांड्यांचा एकच संच होता. डेगा, हंडे, पराती, पंगतीची ताटं, सतरंज्या. लग्न असो, बारसं असो, जागरण-गोंधळ असो, पंचक्रोशीतली माणसं आपल्याच दारात यायची. त्याआधी मामंजी वारले तेव्हा लोकांना वाटलं होतं, आता ही बाई भांडी मोडीत काढणार. तुम्हाला अक्षर वाचता येत नव्हतं. तुम्ही चुना कालवला आणि दाराच्या आतल्या अंगाला चौकोन आखले. एक ओळ म्हणजे एक पंधरवडा. एका ओळीच्या शेवटी चुन्याचा गोल चंद्र, दुसरीच्या शेवटी कोळशाचा ठिपका. तुमच्या टिकल्यांची पाकिटं पेटीत तशीच पडून होती, मखमली, गर्द तांबडी. "कपाळाला न्हाय चालत, दाराला चालत्यात की," असं तुम्ही भावकीतल्या बायकांना म्हणालात म्हणे. कुणी नुसतं विचारून गेलं की छोटी टिकली. सुपारी घेऊन आलं, म्हणजे पक्कं झालं, की मोठी. माल बाहेर गेला की त्यावर चुन्याचं एक बोट. माल परत आला की सगळं पुसून चौकोन मोकळा. आणि कुणाचं काम आहे ते कळायला ज्याचं घर ज्या दिशेला, चौकोनाच्या त्या कोपऱ्यात त्याची टिकली. परगावचा असला तर मधोमध. गोदामाचं दार आतून ओढून घेतलं की सगळा हंगाम एका नजरेत दिसायचा.

मी दहावी झालेली. आल्या आल्या शहाणपणा केला, म्हटलं, आत्या, मी वही घालते. तुम्ही भाकरी थापत होता. हात न थांबवता म्हणालात, "वही मिटली की दिसत न्हाय. दार दिसतंय." मग रोज चुलीपुढे माझी परीक्षा. "सांग बरं, नवमीला कोण?" मी एकदा म्हणाले, बहुतेक वरच्या आळीतले. तुम्ही काठवटीतलं पीठ झटकून माझ्याकडे बघितलंत. "बहुतेक? ज्याच्या घरी लगीन हाय त्यानं तुझं बहुतेक काय चुलीवर शिजवायचं? जा, बघून ये." मी तणतणत गेले. पण दारापुढे उभी राहिले की राग जायचा. ते दार मला आवडायचं, आत्या. माझं अक्षर चांगलं, माझा हिशोब चांगला, आणि मला टिकलीला बोट लावायची मुभा नव्हती. दोन्ही गावांत वाटून राहणारे देव अणदूरहून नळदुर्गला मुक्कामाला निघाले होते तेव्हा तुम्ही हसून म्हणालात, "खंडोबालाबी दोन गावांच्या तारखा सांभाळाव्या लागत्यात, तिथं आपलं काय!" मी हसले, पण मनात म्हटलं, देवाच्या तारखा तरी वाटून दिल्यात. इथं सगळ्या एकीच्याच हातात.

त्या सकाळी माझा भाऊ मला न्यायला आला होता. चुलतबहिणीचा साखरपुडा होता. एसटीची वेळ झालेली, लुगडं नेसून झालेलं, आणि टिकल्यांचं पाकीट रिकामं. कुंकवाची डबी देवघरात होती, आणि तुम्ही तिथं पूजेला बसलेल्या. मी गोदामात गेले ती भावासाठी पिशवी शोधायला. समोर दार. मी एक मोठी टिकली नखानं उचलली आणि कपाळाला लावली. तीन आठवड्यांनंतरच्या चौकोनातली होती, एवढं मी बघितलं होतं. येताना नळदुर्गच्या बाजारातून पाकीट आणू आणि लावून टाकू, असा विचार होता. तो खराच होता, आत्या. चार दिवसांनी परत आले ती पाकीट घेऊनच आले, आणि पहिल्यांदा गोदामात गेले. बघते तर त्या चौकोनात मोठी टिकली आहेच. मला वाटलं, तुमच्या लक्षात आलं असेल आणि तुम्हीच लावली असेल. हायसं वाटलं. कपाळावरची जुनी टिकली काढून मी आरशाच्या कडेला चिकटवली आणि विसरून गेले. नवी टिकली कोपऱ्यात नसून मधोमध आहे, हे माझ्या शिकलेल्या डोळ्यांना दिसलं नाही.

त्या चौकोनाचा दिवस उजाडला आणि एकाच वेळी दोन ट्रॅक्टर दारात उभे राहिले. एक खालच्या आळीतला, एक नळदुर्गकडच्या एका वाडीचा. दोन्हीकडे लेकीचं लग्न, दोघांनी सुपारी दिलेली, आणि डेगांचा संच एक. तुम्ही आत गेलात, दारापुढे उभ्या राहिलात. मी मागेच होते. तुम्ही पुटपुटलात, "मला आठवत हुतं. पर दार न्हाय म्हणालं. म्या दाराचं ऐकलं." मग मागे वळून माझ्याकडे बघितलंत. लई वेळ नाही, पदर सावरायला लागतो तेवढाच. बाहेर येऊन तुम्ही त्या वाडीच्या माणसापुढे हात जोडलेत. "दादा, माझं डोळं गेलं. सुपारी ह्यांची पयली हाय, माल ह्यांना जाईल. पर तुमची लेक भांड्यावाचून अडायची न्हाय." मी ओसरीच्या खांबाला धरून उभी होते. तोंड उघडायचं होतं. उघडलं नाही.

मग तुम्ही घरोघरी गेलात. कुणाचा हंडा, कुणाची पातेली, कुणाची डझनभर ताटं. दुपारपर्यंत ट्रॅक्टर भरून वाडीला गेला. त्या लग्नात वऱ्हाडी ताटावर कोरलेली परक्यांची नावं वाचत जेवले म्हणे, आणि त्याचीच थट्टा वर्षभर चालली. माल परत आल्यावर ज्याचं त्याला पोचवायला आपण दोघी तीन दिवस फिरलो. तुम्ही ताट पुढे धरायचात, "हे कुणाचं?" मी नाव वाचायची. तुम्ही ते घर दाखवायचात. तीन दिवस, आत्या. उन्हातून, डोक्यावर पाटी घेऊन, आपण दोघीच. माझ्या तोंडून गावातल्या सगळ्यांची नावं निघाली, तेवढं माझं निघालं नाही.

तुमचे चिरंजीव त्या आठवड्यात जेवताना म्हणाले, "आई, आता तू दार बघू नको. तुला दिसत न्हाय. हिला करू दे." तुम्ही मान हलवलीत. दुसऱ्या दिवशी चुन्याची वाटी माझ्या हातात दिलीत, आणि उरलेल्या टिकल्यांचं पाकीट. "बहुतेक म्हणू नको कधी," एवढंच बोललात. मी सोलापूरच्या डॉक्टरांचं नाव काढलं तर म्हणालात, कशाला, बाजारात मिळत्यात चष्मे. एकट्या नळदुर्गला जाऊन काळ्या काडीचा चष्मा घेऊन आलात. आरशावरची टिकली त्याआधीच नाहीशी झाली होती. मला वाटलं, गळून पडली असेल. वाटून घेतलं म्हणा.

तो चष्मा तुम्ही चार वर्षं लावलात. कुणी तारीख विचारायला आलं की तुम्ही तो डोळ्यांवर चढवायचात आणि म्हणायचात, "सुनेला विचारा बाबा, मला काय दिसतंय." आणि माणूस गेला की काढून तांदळातले खडे वेचायचात. एकही खडा राहायचा नाही. तुमच्या दिवसकार्यानंतर चिरंजीवांनी चष्म्याची डबी उघडली. झाकणाला आतून एक मोठी तांबडी टिकली चिकटवलेली होती. ते लहान मुलासारखे रडले. वडिलांना ते दादा म्हणायचे. म्हणाले, बघ, आईनं दादांची आठवण जपली होती. मी म्हटलं, व्हय.

आता कामाचं सांगते. आता आपले चार संच आहेत, मांडव आहे, खुर्च्या आहेत, आणि दार सूनबाईच्या टॅबमध्ये आहे. फ्रिजवर उभा करून ठेवते. तुम्हाला आवडलं असतं, कारण ते मिटत नाही, येता-जाता दिसतं. चार रकाने आहेत: विचारलंय, पक्कं, माल गेला, माल आला. प्रत्येक गिऱ्हाइकाची रंगीत चिठ्ठी, आणि ती बोटानं सरकवायची. मला हसू आलं होतं. एवढं शिकून पोरीनं तुमचंच दार काढलं. फक्त घराच्या दिशा त्यात नाहीत. त्या मी तिला सांगितल्या, तर तिनं चिठ्ठीवर नकाशाच लावून दिला.

गेल्या आठवड्यात मी कणीक मळता मळता टॅबवरची माशी हाकलली. एक हिरवी चिठ्ठी सरकून 'माल आला' मध्ये गेली. मला दिसलं होतं, पण हात भरलेले. म्हटलं धुऊन सांगते, आणि तेवढ्यात दूधवाला आला. त्या तारखेला संच मोकळा दिसला, सूनबाईनं फोनवर दुसऱ्याला शब्द दिला. चार दिवसांनी पहिल्याचा फोन आला तेव्हा उघडकीला आलं. तुमचा नातू चिडला. "तुला झेपत न्हाय तर सांग, आपली वहीच बरी हुती." ती मोरीपाशी पाठ करून उभी राहिली. "माझ्याकडनंच झालं असंल," म्हणाली, "दोन फोन एकदम आले हुते." मला तिची पाठ दिसत होती, आणि माझ्या हातात खांब नव्हता. मी म्हटलं, "माझं बोट लागलं. कणकीचं." तो म्हणाला, "मम्मी, तुला दिसत न्हाय आता, तू हात लावत जाऊ नको." मी म्हटलं, "डोळं ठणठणीत हायेत माझं. बोट आगाऊ हाय. तिला बोलायचं काम न्हाय." तारीख अजून लांब होती. सूनबाईनं नळदुर्गच्या एका बिछायतवाल्याशी बोलून दुसऱ्या गिऱ्हाइकाची सोय लावली. आता चिठ्ठी सरकवली की टॅब विचारतो, खरंच हलवायचं का? मी रोज दोनदा उगाच सरकवून बघते.

एवढं बोलले तर वाटलं, सुटले. आणि काल तिनं विचारलं, दार तुमच्याकडं कधी आलं, तर तोंडातून पुन्हा तुमचे डोळेच निघाले. इतक्या वर्षांची सवय. म्हणून आज तिच्या कागदावरचे 'डोळे जाईपर्यंत' हे शब्द मी खोडले. ती विचारेल, का खोडलं. तेव्हा टिकलीचं सांगेन. भावाचं, एसटीचं, आरशाचं, सगळं. तुमच्या मुलालाही सांगेन की ती टिकली दादांची आठवण नव्हती. रडतील पुन्हा. रडू देत.

हे पत्र कुठं पाठवायचं, हा प्रश्नच नाही. तुम्ही असता तरी तुम्हाला ते वाचता आलं नसतं. तुम्ही ताटासारखं पुढे धरलं असतंत, "वाच, कुणाचं हाय?" आणि मला तुमच्यासमोर बसून मोठ्यानं वाचावं लागलं असतं. टिकलीचं वाचलं असतं मी. खांबाचंही. पण तुम्ही जिवंत असताना, दुसऱ्याच वर्षी, धूळ पुसायला मी ती चष्म्याची डबी उघडली होती. चष्मा डोळ्यांना लावून पाहिला. साधी काच होती. झाकणाला आतून माझी टिकली. मी डबी मिटून होती तिथं ठेवली आणि गोदामात जाऊन दारापुढे उभी राहिले. खरं सांगितलं असतं तर चुन्याची वाटी परत तुमच्याकडे गेली असती. ते दार मला हवं होतं, आत्या. एवढी ओळ मी गाळून वाचली असती.