डाव्या बाजूचं पॅड

३ जून

ती. ताईस, सा. न. वि. वि.

पार्सल पोचलं. ऑपरेशननंतर मावशीला शिवून दिली होतीस तशीच आतली बंडी, डावी बाजू सपाट कापून वरून कापसाचं पॅड. घालून पाहिली. डावीकडे अजून मीच आहे, त्यामुळे आवळली.

आता न कळवलेली गोष्ट. डॉक्टरीणबाई म्हणतात, गाठ स्तनाच्या बोंडापासून लांब आहे. वरची कातडी आणि बोंड तसंच ठेवून आतला भाग तेवढा काढता येईल, त्या जागी इम्प्लांट बसवता येईल. मात्र बोंडामागचा तुकडा ऑपरेशन चालू असतानाच तपासणार. त्यात काही निघालं, तर तेही जाणार. राहिलं तरी स्पर्श बहुधा कळणार नाही.

मला ते हवंय, ताई. चव्वेचाळिसाव्या वर्षी, जिवाशी गाठ असताना, हे मागायची लाज वाटते. त्याने धोका वाढेल का, हे पुन्हा पुन्हा विचारलं. माझ्या बाबतीत नाही म्हणाल्या. मग ही नुसती हौस का? डायरीतही लिहवेना, म्हणून तुला लिहिते.

तुझी,
धाकटी

७ जून

चि. धाकटीस, अनेक आशीर्वाद.

अगं शहाणे, आधी नाही का सांगायचंस! डोळे फोडून टाके घातले मी. गिऱ्हाइकाच्या कोटाची बाही जराशी चुकली तरी ते भांडायला येतं, आणि तू स्वतःच्या अंगाचं मागायला लाजतेस? मावशीला कुणी विचारलंच नव्हतं. पुढे ती आरशाकडे पाठ करून कपडे बदलायची. तुला विचारलंय, तर तोंड उघड.

बंडी टाकू मात्र नकोस. तुकड्याचं काय निघेल कोण जाणे. गुडघ्याने अडवलंय, नाहीतर ऑपरेशनच्या दिवशी दाराशी येऊन बसले असते. जावईबापूंना तुकड्याचं कळताच फोन करायला सांग.

वाट पाहणारी,
ताई

२ जुलै

ती. ताईस, सा. न.

तुकडा स्वच्छ निघाला, हे यांनी फोनवर सांगितलंच. आज पट्टी सुटली. सगळं निळंजांभळं आहे. बोट लावलं, तर दुसऱ्याच कुणाला लावल्यासारखं वाटलं. तुझ्यापाशी खोटं कशाला, रडले. मग लक्षात आलं, सगळा वेळ मी आरशाकडे तोंड करून उभी होते.

तुझं पॅड उसवून काखेत उशी म्हणून घेते. हात टेकला की ओढ बसत नाही. टाके इतके बारीक, की सकाळ गेली उसवण्यात.

बंडी परत पाठवतेय. डावी बाजू सपाट कापली आहेस, ती उजवीच्या मापाची कर. लोभ आहेच; त्याच्यासोबत एवढं शिवूनही पाठव.

तुझी,
धाकटी